दोन डोळे, एक दोरी

वाचायला बसलेलं मूल गालावर हात टेकवतं. पाच-दहा मिनिटांत तो तळवा नकळत वर सरकतो आणि एका डोळ्यावर येतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "नीट बस, हात काढ." मूल हात काढतं, दोन ओळी वाचतं, हात पुन्हा वर. ही खोड नाही. दोन डोळ्यांनी वाचण्यापेक्षा एका डोळ्याने वाचणं त्याला सोपं जातंय. आपल्या अडचणीवर त्याने स्वतःच उपाय शोधलाय, फक्त ती अडचण काय आहे हे त्याला सांगता येत नाही. जन्मापासून किंवा समजायला लागल्यापासून जसं दिसतं, तसंच सगळ्यांना दिसत असणार असं त्याला वाटतं.

अशा मुलाला चष्म्याच्या दुकानात नेलं तर बहुतेक वेळा निकाल चांगला येतो. उजवा डोळा ६/६, डावा डोळा ६/६, नंबर शून्य. आईवडिलांचा जीव भांड्यात पडतो आणि मग संशय मुलाच्या मनावर जातो: अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय! पण ६/६ म्हणजे काय? ६ मीटरवरच्या तक्त्यावरची ठरावीक आकाराची अक्षरं, एका वेळी एकेका डोळ्याने, मिनिटभर ओळखता येणं. पुस्तक ३०-३५ सेंटिमीटरवर असतं, ते दोन्ही डोळ्यांनी एकत्र वाचायचं असतं आणि अर्धा-पाऊण तास वाचायचं असतं. तक्त्याने यातल्या एकाही गोष्टीची परीक्षा घेतलेली नसते.

जवळचं बघताना डोळ्यांना दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. एक, आतलं भिंग फुगवून अक्षरं स्पष्ट करणं. दोन, दोन्ही बुबुळं नाकाकडे वळवून एकाच अक्षरावर रोखणं. दवाखान्यात पहिल्याला अ‍ॅकोमोडेशन म्हणतात आणि दुसऱ्याला कन्व्हर्जन्स. वळण्याचं माप प्रिझम डायॉप्टरमध्ये मोजतात: एका मीटरवर एक सेंटिमीटर सरकवणारं वळण म्हणजे एक. दोन बाहुल्यांमध्ये ६ सेंटिमीटर अंतर असेल तर ४० सेंटिमीटरवरच्या पुस्तकासाठी ढोबळमानाने १५ प्रिझम डायॉप्टर वळावं लागतं. तेच पुस्तक २५ सेंटिमीटरवर आणलं, आणि मोबाइल बहुतेकदा तिथेच असतो, की २४. काही जणांचे डोळे विश्रांतीत असताना थोडे बाहेर झुकलेले असतात. त्यांना आधी ते झुकणं भरून काढायचं आणि वर हे १५ किंवा २४ वळायचं. दहा मिनिटं जमतं. मग स्नायू दमतात म्हणण्यापेक्षा ती सगळी यंत्रणाच धरून ठेवता येत नाही, एक डोळा केसभर बाहेर सरकतो, आणि एकाची दोन चित्रं होतात. याला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. मराठीत बोलायचं तर जवळच्या वस्तूवर डोळे पुरेसे आत न वळणं.

देवनागरी वाचणाऱ्याच्या बाबतीत यात एक खास गुंता आहे, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही असं मला वाटतं. दोन चित्रं आडवी सरकतात, वर-खाली नाही. त्यामुळे एका चित्राची शिरोरेषा दुसऱ्या चित्राच्या शिरोरेषेवर बरोबर बसते आणि वरची रेघ अखंडच दिसत राहते. खाली मात्र एका अक्षराचा काना शेजारच्या अक्षरावर चढतो, अनुस्वार आपल्या जागेवरून ढळतो, 'म' आणि 'भ' यांच्या गाठी एकमेकींत मिसळतात. ओळ शाबूत आणि अक्षरं विस्कटलेली. म्हणून मूल "मला दोन-दोन दिसतं" असं म्हणत नाही. ते म्हणतं "अक्षरं हलतात", "अक्षरं पळतात", नाहीतर काहीच म्हणत नाही आणि ओळ सोडून खालच्या ओळीवर उतरतं. त्यामुळे "तुला दोन दिसतात का?" हा प्रश्न पुरत नाही. "वाचताना अक्षरं हलतात का, एकमेकांवर चढतात का, पुसट होऊन परत येतात का? एक डोळा झाकला की ती थांबतात का?" असं विचारावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर रोख दोन डोळ्यांच्या जोडणीकडे आहे.

हा प्रश्न दुर्मीळ नाही. तामिळनाडूत शाळकरी मुलांची दोन्ही डोळ्यांच्या एकत्र कामाची पद्धतशीर तपासणी झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, वरून तिरळेपणा दिसत नसतानाही सुमारे ३० टक्के मुलांत काही ना काही दोष सापडला. शहरात आणि खेड्यात प्रमाण जवळजवळ सारखंच होतं. त्यात सगळ्यात जास्त होती ती हीच आत न वळण्याची तक्रार, साधारण सहा मुलांमागे एक. सगळ्यांनाच उपचार लागतात असं नाही. ज्याला त्रास आहे त्यालाच लागतात.

तपासणीची पहिली पायरी इतकी साधी आहे की ती घरीही बघता येते, निदान मात्र घरी करू नये. बॉलपेनचं टोक मुलाच्या नाकासमोर ४० सेंटिमीटरवर धरायचं आणि सावकाश नाकाकडे आणायचं. "दोन टोकं दिसली की सांग." सांगितलं की पट्टीने नाकाच्या मुळापासून अंतर मोजायचं. मग टोक मागे नेत पुन्हा एक कधी होतं तेही मोजायचं. पाच सेंटिमीटरच्या आसपास फुटणं ठीक. सहा किंवा त्याहून लांबच फुटलं तर पुढे तपासायला हवं. एकदाच मोजून थांबू नये, चार-पाच वेळा मोजावं. पहिल्यांदा ५, पाचव्यांदा १२ आलं तर पहिल्या आकड्यापेक्षा पाचवा खरं बोलतो, कारण वाचताना नेमकं तेच होतं. मूल "एकच आहे" म्हणत असताना एक डोळा बाहेर घसरताना दिसला, तर ती अधिक गंभीर खूण आहे. म्हणजे मेंदूने दोन चित्रांचा गोंधळ नको म्हणून त्या डोळ्याचं चित्र बंदच करून टाकलंय. दवाखान्यात यापुढे दूरचं आणि जवळचं झुकणं प्रिझमने, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या तिरप्या काचेने, मोजतात, वळण्याचा राखीव साठा किती ते पाहतात, आणि वाचतानाच्या त्रासाबद्दल १५ प्रश्नांची एक यादी विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण असतात. मुलांमध्ये बेरीज १६ किंवा जास्त, मोठ्यांमध्ये २१ किंवा जास्त आली तर त्रास खरा धरतात. ही यादी उपचारानंतर पुन्हा भरून घ्यायची असते. डोळे सुधारले की नाहीत हे आकडा सांगतो, पण माणसाला बरं वाटतंय की नाही हे यादी सांगते.

आणि उपचाराआधी चष्मा. इथे घाई होते. मुलांचं भिंग इतकं लवचिक असतं की यंत्रासमोर बसलं की ते आपोआप फुगतं. खरा 'प्लस' नंबर लपतो किंवा खोटा 'मायनस' दिसतो. म्हणून मुलांचा नंबर डोळ्यांत थेंब टाकून, भिंग सैल करूनच काढायला हवा. थेंबांनी काही तास, कधी त्याहून जास्त काळ जवळचं पुसट दिसतं, उजेड खुपतो, शाळा बुडते. म्हणून पालक नको म्हणतात आणि "नुसतं कॉम्प्युटरवर बघा" असा आग्रह धरतात. चुकीच्या नंबरावर बारा आठवड्यांचे व्यायाम म्हणजे वाकड्या पायावर चढवलेली भिंत.

व्यायाम म्हटलं की सगळ्यांना पेन्सिल आठवते. हात लांब करून पेन्सिल धरायची, टोकाकडे बघत नाकाकडे आणायची, दोन दिसली की थांबायचं, पुन्हा एक करायची, रोज पंधरा मिनिटं. फुकट आहे, सांगायला सोपं आहे, चिठ्ठीवर एका ओळीत मावतं. पण मेंदूने एक डोळा बंद केला असेल तर पेन्सिल नाकाला टेकेपर्यंत 'एकच' दिसते आणि मूल इमानदारीने महिनाभर एका डोळ्याचा व्यायाम करतं. यावर उतारा साधा आहे. समोरच्या भिंतीवर, पेन्सिलीच्या मागे, साधारण दोन मीटरवर एक कार्ड चिकटवायचं. दोन्ही डोळे चालू असतील तर पेन्सिलकडे बघताना मागचं कार्ड दोन दिसलंच पाहिजे. कार्ड एक झालं की एक डोळा झोपला. ही एवढी सूचना चिठ्ठीवर नसते, आणि तिच्याविना पेन्सिलचा फारसा उपयोग नसतो.

माझा जीव मात्र दोरीवर आहे. न्यूयॉर्कचे ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी तपासणारे तज्ज्ञ, फ्रेडरिक ब्रॉक यांच्या नावाने ही दोरी ओळखली जाते. साधारण तीन मीटर पांढरी सुती दोरी, पायजम्याची नाडीही चालेल, आणि लाल, पिवळा, हिरवा असे तीन मणी. मण्याचं भोक दोरीला घट्ट बसेल असं हवं, नाहीतर मणी घसरत राहतो. एक टोक दाराच्या कडीला, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला येईल असं बांधायचं. दुसरं टोक बोटात धरून नाकाच्या शेंड्याला टेकवायचं. दोरी ताठ हवी. झोळ पडला की पुढचं काहीच नीट दिसत नाही. जवळचा मणी ४० सेंटिमीटरवर, मधला एक-सव्वा मीटरवर, तिसरा दाराजवळ.

आता मधल्या मण्याकडे बघा. मणी एक दिसतो, पण दोरी एक राहत नाही. दोन दोऱ्या दोन्ही बाजूंनी येतात, मण्यात एकमेकींना छेदतात आणि पलीकडे पुन्हा फाकतात. मोठी फुली. बाकीचे दोन्ही मणी दोन-दोन. पहिल्यांदा बघणारा बहुतेकदा दचकतो, कारण हे रोजच घडत असतं आणि मेंदू ते दाखवत नसतो. उजवा डोळा मिटा: मण्याच्या अलीकडची डावी दोरी गायब होते. म्हणजे अलीकडे, डावीकडून येणारी दोरी उजव्या डोळ्याची आणि उजवीकडून येणारी डाव्याची. मण्यापलीकडे त्या अदलाबदल करतात. जवळच्या मण्याकडे पाहिलं तर फुलीचा छेद जवळ सरकतो आणि दोऱ्या दाराकडे फाकत जातात. दाराजवळच्या मण्याकडे पाहिलं तर दोन दोऱ्या चेहऱ्यापासून निघून तिथे जाऊन मिळतात.

या दोरीइतकं प्रामाणिक उपकरण डोळ्यांच्या दवाखान्यात दुसरं नाही. डोळे कुठे रोखलेत ते ती बघणाऱ्याला त्याच क्षणी दाखवते. छेद मण्याच्या अलीकडे दिसला तर डोळे गरजेपेक्षा जास्त वळलेत. पलीकडे दिसला तर कमी वळलेत. एकच दोरी दिसली तर एक डोळा बंद आहे, आणि कोणता ते दोरीची बाजू सांगते. एक दोरी येत-जात राहिली तर डोळा झोपतो आणि जागा होतो आहे, आणि ती चांगली बातमी आहे. हरवलेली दोरी परत आणायला "नीट बघ" म्हणून उपयोग होत नाही. पटापट पापण्या मिटाव्यात, दोरीला टिचकी मारून ती थरथरवावी, चांगला डोळा क्षणभर झाकून उघडावा. हलणारी वस्तू मेंदू सहज दाबू शकत नाही.

सुरुवातीला प्रत्येक मण्यावर पाच-पाच सेकंद, दूर-मध्ये-जवळ-मध्ये-दूर, अशा दहा फेऱ्या. फेऱ्या जमल्या की जवळचा मणी दोन-अडीच सेंटिमीटरने नाकाकडे सरकवायचा. नाकापासून चार-पाच सेंटिमीटरवर मणी एक आणि फुली पक्की राहिली की मणी काढून टाकायचे आणि मुलाला सांगायचं, दाराकडून एक मुंगी दोरीवरून तुझ्या नाकाकडे चालत येतेय, तिच्यावर नजर ठेव. मुंगी नाही, मणी नाही, तरी फुलीचा छेद दोरीवरून सरकत येतो. बाहेरच्या वस्तूच्या मदतीशिवाय, नुसत्या इच्छेने डोळे वळवणं इथे सुरू होतं. सगळा खटाटोप याचसाठी.

पालकांची एक चूक नेहमी होते. "फुली दिसतेय ना?" असं विचारलं की मूल "हो" म्हणतं. मुलांना बरोबर उत्तर द्यायचं असतं. त्यापेक्षा कागद-पेन्सिल द्यावी आणि "जे दिसतं ते काढ" म्हणावं. चित्रात एकच रेघ आली तर आजचा व्यायाम झालेला नाही. दुसरी चूक वेळेची. शाळा, शिकवणी, गृहपाठ संपल्यावर रात्री साडेनऊला, अर्धवट झोपेत केलेले व्यायाम डोळ्यांना दमण्याची सवय लावतात. शाळेतून आल्यावर काहीतरी खाऊन लगेचची पंधरा मिनिटं बरी. चष्मा असेल तर लावूनच. मान तिरकी होऊ द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात कपाळ दुखतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात; ते चालतं. दोन आठवड्यांनंतरही तसंच दुखत राहिलं तर मणी फार लवकर जवळ आणलाय.

दोरीनंतर बॅरल कार्ड येतं. लांबट पुठ्ठ्याच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला हिरवी, लहानापासून मोठी अशी तीन पिंपं. कार्ड उभं धरून लहान पिंपाकडची कड नाकाशी टेकवायची. एका डोळ्याला लाल दिसतं, दुसऱ्याला हिरवं. लांबच्या मोठ्या पिंपात दोन्ही रंग मिसळून एकच पिंप झालं की पाच सेकंद धरायचं, मग मधलं, मग लहान. लहान पिंपाशी येताना मुलाच्या कपाळावर आठ्या पडतात, जीभ बाहेर येते, आणि एकदम रंग मिसळतो. तो क्षण बघण्यासारखा असतो.

भिंगाचा व्यायाम वेगळा. एका दांडीला चार काचा लावलेल्या असतात: वर दोन 'प्लस' दोनच्या, खाली दोन 'मायनस' दोनच्या. याला फ्लिपर म्हणतात. ४० सेंटिमीटरवर बारीक अक्षरं, डोळ्यांसमोर एक जोडी, अक्षर स्पष्ट झालं की दांडी उलटायची. मिनिटात किती वेळा जमतं ते मोजायचं. 'मायनस'मधून उशीर लागला तर भिंग फुगत नाहीये, 'प्लस'मधून लागला तर सैल होत नाहीये. एकेका डोळ्याने भराभर जमतं आणि दोन्ही उघडले की अडतं, तेव्हा दोष भिंगात नसतो, वळण्यात असतो. हे वेगळं काढलं नाही तर महिनाभर चुकीचा व्यायाम होतो.

हे सगळं खरंच उपयोगी पडतं का, हे अमेरिकेत नीट तपासून पाहिलं गेलं. डोळे आत न वळणारी ९ ते १७ वयाची २२१ मुलं, चार गट, बारा आठवडे. २००८ साली निष्कर्ष आले. आठवड्यातून एकदा दवाखान्यात तासभर प्रशिक्षित माणसासमोर आणि घरी आठवड्यातून पाच दिवस पंधरा मिनिटं, अशा गटातली ७३ टक्के मुलं बरी झाली किंवा ठळकपणे सुधारली. घरी फक्त पेन्सिल करणारी ४३ टक्के. घरी संगणकावर व्यायाम आणि जोडीला पेन्सिल, अशी ३३ टक्के. दवाखान्यात येऊन खोटे, दिसायला खऱ्यासारखे व्यायाम करणारी ३५ टक्के. म्हणजे पेन्सिल आणि नुसता दिलासा यांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. चूक त्या क्षणी दाखवणारं आणि पायरी वेळेवर चढवणारं माणूस समोर असणं, हा उपचाराचा भाग आहे.

आपल्याकडे अडचण इथेच येते. असे व्यायाम करून घेणारी केंद्रं मोठ्या शहरांत असतात. जिल्ह्याच्या गावातून दर आठवड्याला मुलाला घेऊन येणं म्हणजे एकाची मजुरी आणि दुसऱ्याची शाळा. अशा वेळी माझं मत असं: पेन्सिलची चिठ्ठी घेऊन परत जाऊ नये. एका भेटीत दोरी नीट शिकून घ्यावी, चुका कशा दिसतात ते आईवडिलांनी स्वतः दोरी नाकाला लावून बघावं, आणि दर महिन्याला तरी मोजून घ्यावं. दवाखान्यातल्या गटाची बरोबरी होणार नाही, पण मूल एका डोळ्याचा व्यायाम करत बसणार नाही.

याच संशोधकांनी पुढे आणखी एक प्रश्न विचारला आणि उत्तर मनाजोगं आलं नाही तरी ते छापलं. डोळे सुधारले की वाचलेलं जास्त समजतं का? २०१९चं उत्तर होतं: सोळा आठवड्यांच्या खऱ्या उपचारानंतर आकलन खोट्या उपचारापेक्षा अधिक सुधारलं नाही. ज्या जाहिराती व्हिजन थेरपीने, म्हणजे अशा डोळ्यांच्या व्यायामांनी, डिस्लेक्सिया जातो, मार्क वाढतात असं सांगतात, त्यांच्यासमोर हे वाक्य ठेवावं. डिस्लेक्सिया हा भाषेचे आवाज आणि अक्षरं जोडण्यातला प्रश्न आहे. त्याला शिकवण्याची वेगळी पद्धत लागते. एकाच मुलाला दोन्ही असू शकतं. तेव्हा डोळ्यांचा उपचार केल्याने वाचताना डोकं दुखायचं थांबू शकतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे. पण तोपर्यंत भाषेची मदत लांबवली तर त्या मुलाचं वर्ष जातं.

आळशी डोळ्याची गोष्ट निराळी. तिथे डोळा निरोगी असतो, पण लहानपणी त्याचं चित्र पुसट किंवा तिरकं राहिल्याने मेंदूने त्याचं ऐकणंच सोडलेलं असतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांची एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली आणि मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला कशा पारख्या होतात ते दाखवलं. १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं. आधी योग्य चष्मा, तोही दिवसभर. काही आठवडे फक्त चष्म्यानेच डोळा सुधारत राहतो, आणि साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना पुढे पट्टी लागतच नाही. उरलेल्यांना चांगल्या डोळ्यावर पट्टी. मध्यम आळशीपणाला दिवसाला दोन तास पट्टी सहा तासांइतकीच काम करते, हे २००३ साली सिद्ध झालं, आणि त्याने कितीतरी घरांतली रडारड कमी झाली. पट्टी कातडीला चिकटणारीच हवी. चष्म्याच्या काचेवर कागद चिकटवला तर मूल वरून, नाकाच्या बाजूने बघतं. दोन तास सलग असावेत असं नाही, पण मुलाने त्या वेळात झोपू नये. काहीतरी बघत राहावं. आणि दर काही आठवड्यांनी चांगला डोळाही तपासावा, कारण झाकून झाकून तोच आळशी झाल्याची उदाहरणं आहेत. पट्टी थांबवल्यावर वर्षभरात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत डोळा पुन्हा मागे जातो, म्हणून सुधारला म्हणून तपासणी सोडू नये.

"थोडा तिरळेपणा भाग्याचा," असं म्हणणारी प्रेमळ माणसं अजून भेटतात. त्यांना दुखवू नये, पण मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावंच. कधी चष्म्याने डोळा सरळ येतो, कधी शस्त्रक्रिया लागते. शस्त्रक्रियेने डोळे सरळ होतात. दोन चित्रं एक करणं मेंदूने शिकायचं असतं. त्यासाठी सिनॉप्टोफोर नावाचं दोन नळ्यांचं यंत्र आहे. एका नळीत सिंह, दुसरीत पिंजरा. नळी फिरवत फिरवत सिंह पिंजऱ्यात घालायचा. तो आत गेला आणि तिथे टिकला तर दोन्ही डोळे एका वेळी बघतायत. कधी सिंह पिंजऱ्याच्या गजाजवळ येतो आणि नाहीसा होतो. तेव्हा मेंदूने दार लावून घेतलेलं असतं. खोली कळते का हे बघायला माशीचं चित्र असतं, दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवणाऱ्या ध्रुवीकरणाच्या चष्म्यातून बघायचं. ज्याला खोली दिसते ते मूल पंख चिमटीत धरायला जातं आणि त्याची बोटं कागदाच्या वर हवेतच मिटतात. ज्याला दिसत नाही ते सरळ कागदावर बोट टेकवतं.

मोठेपणी हे शिकता येत नाही असं पूर्वी ठामपणे सांगत. अमेरिकेतल्या मेंदूशास्त्राच्या प्राध्यापक सूझन बॅरी यांच्या तिरळेपणावर लहानपणी तीन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, डोळे दिसायला सरळ होते, पण जग सपाटच होतं. वयाच्या ४८व्या वर्षी त्यांनी ब्रॉकच्या दोरीसह थेरपी केली. एके दिवशी गाडीत बसल्यावर स्टिअरिंग व्हील डॅशबोर्डपासून सुटून समोर हवेत आलेलं दिसलं. एका उदाहरणावरून सगळ्यांना आशा लावू नये. उलट, ज्यांच्या मेंदूत दोन चित्रं एक करण्याची क्षमताच नाही, त्यांचा दाबलेला डोळा व्यायामाने जागा केला तर कायमची दोन चित्रं नशिबी येऊ शकतात. मोठ्या माणसाच्या तिरळेपणावर घरच्या घरी दोरी बांधू नये ती याचसाठी.

काही गोष्टींत थेरपीचा विचारही मनात आणू नये. मोठ्या माणसाला अचानक एकाचे दोन दिसू लागले, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असेल, पापणी पडली असेल, डोकं ठणकत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, फोटोत एका डोळ्यात पांढरा ठिपका आला, तर उशीर जिवावर बेतू शकतो. आणि चष्म्याचा 'मायनस' नंबर कुठल्याच डोळ्यांच्या व्यायामाने उतरत नाही. तो डोळ्याच्या लांबीचा परिणाम आहे. बुबुळं फिरवून, तळवे चोळून डोळ्यांवर ठेवून किंवा त्राटक करून डोळा आखूड होत नाही. त्राटकाने मन शांत होत असेल तर जरूर करावं, ज्योतीकडे बघून. सूर्याकडे बघून कधीही नाही; दृष्टिपटल भाजतं आणि त्या भाजण्याला वेदना नसते.

बारा आठवडे संपले, पेनचं टोक दोन दिसण्याचं अंतर पाच सेंटिमीटरच्या आत आलं, यादीची बेरीज सोळाच्या खाली गेली, की रोजचा व्यायाम थांबवतात. एकदम बंद करू नये. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, रविवारी अंघोळीनंतर म्हणा, काही महिने चालू ठेवायचं. परीक्षेचे दिवस, मोठा ताप, सुट्टीतला मोबाइल यांनंतर तक्रार परत येऊ शकते. आली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत डोळे पूर्वीच्या जागी येतात. म्हणून दोरी कडीवरून सोडली तरी गुंडाळून दाराच्या मागच्या खिळ्याला लावून ठेवावी, मणी तिच्यातच राहू द्यावेत.